नथीचा फोटो, नाकासकट

कॅमेऱ्याची किंमत चारचौघांत सांगून झाली की हल्लीचा नवा हौशी छायाचित्रकार थेट एखाद्या जुन्या वाड्यात पोचतो. तिथे पैसे भरून आलेल्या मंडळींसमोर नऊवारी नेसलेली, नथ-चंद्रकोर ल्यालेली मॉडेल उभी असते. कमरेवर घागर, घागरीत पाण्याचा टिपूस नाही. सगळे एकाच कोपऱ्यातून एकच फोटो काढतात आणि रात्री आपापल्या इन्स्टाग्रामवर त्याला 'पोर्ट्रेट' म्हणतात. पोर्ट्रेट ते असतेच, फक्त कोणाचे, एवढाच प्रश्न. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८, अंतर दीड मीटर: एवढ्यात फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम तीन सेंटिमीटरांची. तिच्यात नथ सापडली की मोती लखलखीत आणि डोळे धुक्यात. तरी वाहवा होते, कारण नथ देखणीच असते. घडवतो सोनार, श्रेय घेतो कॅमेरेवाला.

यावर आक्षेप ठरलेला: पेहरावाने मॉडेल खुलते, नवख्याचीही भीड चेपते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी तरी दुसरे काय केले? प्रश्न रास्त आहे. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला आणि आइल ऑफ वाइटवरच्या घरात कामाला असलेल्या मेरी हिलियरला त्यांनी येशूची माता करून टाकले. पुढे टेनिसनच्या काव्यासाठी राजे-राण्याही सजवल्या. पण आपले पहिले यश म्हणून बाई ज्याच्याकडे बोट दाखवत, तो १८६४च्या जानेवारीतला फोटो पाहा. अ‍ॅनी नावाची लहान मुलगी, अंगात बटणांचा साधा कोट. मुकुट नाही, पंख नाहीत. चेहरा आधी जमला, सोंगे मागून आली. शिवाय त्या काळी फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर उतरे आणि बाईंच्या कॅमेऱ्यासमोर मिनिटेच्या मिनिटे न हलता बसावे लागे, त्यामुळे उसने हसू टिकतच नसे. आपल्याकडे सेकंदाला दहा फोटो निघतात. दहाही फोटोंत हसू तेच.

'आम्ही संस्कृती जपतो' म्हणणाऱ्यांशी भांडण नाही. जपायचीच असेल, तर नऊवारी नेसवणारी बाई तिथेच, दाराआड, तोंडात पिना धरून पुढच्या मॉडेलच्या निऱ्या घालत असते. रोजच्या साडीत, नथ नाही, घागर नाही. पुढच्या रविवारी तिला विचारून तिचा एक फोटो काढा, आणि छापून तिला नेऊन द्या.