माहिती भरली आहे

आमच्या जिल्हा परिषद शाळेचे हेडसर फळ्याकडे क्वचित आणि पोर्टलकडे सतत बघतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा? सकाळी केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सॲप येतो, 'अत्यंत तातडीचे, माहिती दुपारी बारापर्यंत', आणि सर पावणेबाराला माहिती धाडून चहा मागवतात. काही नसलं तर 'निरंक'सुद्धा तीन प्रतींत.

युडायस प्लस हे पोर्टल विचारतं, रॅम्प आहे का? आहे. त्याला कठडा? आहे. दिव्यांग मुलांसाठी स्वच्छतागृह? तेही आहे. यातलं एकही उत्तर खोटं नाही, कुणीही येऊन बघावं. रॅम्पचा उतार बारास एक हवा, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांबी. ठेकेदाराने पाच फुटांत उरकलं. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, पण सरांची स्कूटी झकास चढते आणि दिवसभर तिथेच सावलीत उभी राहते. स्वच्छतागृहाला कुलूप आहे, किल्ली सरांच्या ड्रॉवरमध्ये. "पोरं घाण करतात हो. उद्या तपासणी आली तर दाखवायचं काय?"

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. सरांना ते सगळे क्रमाने पाठ आहेत. मात्र दाखल्याशिवाय कुणी दिव्यांग असू शकतं, हे त्यांना पटत नाही. पाचवीतली एक मुलगी पुस्तकाला नाक लावून वाचते. तिच्याकडे यूडीआयडी कार्ड नाही, सबब तिला स्वच्छ दिसतं. उंच असल्यामुळे ती शेवटच्या बाकावर बसते. अध्ययन अक्षमता हा प्रकारही त्या एकवीसांत येतो. आमच्याकडे अशा मुलाला 'ढ' म्हणून मोकळे होतात, आणि 'ढ'साठी पोर्टलवर रकाना नाही. गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, त्यांना सर आधी भेटवहीत सही करायला लावतात. मुलं मग, वेळ उरला तर.

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन तर सरांचा आवडता सण. यंदा कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये झाला. सातवीत चाकाच्या खुर्चीवरचा एक मुलगा आहे. त्याचा वर्गही वरच, रोज दोन मित्र त्याला उचलून नेतात. त्या दिवशी मित्र स्वागतगीतात अडकले, म्हणून तो खालीच राहिला. कार्यक्रम आटोपल्यावर सर लगबगीने खाली आले, स्कूटी हलवली, रॅम्पच्या पायथ्याशी त्याच्या हातात गुलाब दिला आणि फोटो काढून अकरा मिनिटांत अहवाल पाठवला. वरून अंगठा आला. पोर्टल रॅम्प विचारतं, त्यावरून कोण वर गेलं हे विचारत नाही. सरांनी तरी न विचारलेलं का सांगावं?

घोळ झाला तो शाळा व्यवस्थापन समितीत. तीनचतुर्थांश पालक हवेत, त्यात महिला हव्यात, म्हणून सरांनी त्याच मुलाच्या आईला घेतलं होतं. बाई गरीब, बिनबोभाट सही करणारी, असा हिशेब. जानेवारीच्या सभेत तिने सहीआधी इतिवृत्त वाचायला घेतलं.

"सर, 'समावेशित शिक्षणाबाबत समाधान व्यक्त केले', हे कुणी केलं?"

"ताई, ते तसं लिहायचंच असतं."

"मग त्याच्याखाली लिहा, सातवीचा वर्ग खाली आणायचा."

"खाली खोली कुठंय?"

"तुमचं ऑफिस आहे की."

बाकीच्या बाया हसल्या आणि पटापट सह्या करून मोकळ्या झाल्या. एकदा लिहिलं गेलेलं सर मोडत नाहीत, ही त्यांची खरी थोरवी. आठवड्यात ऑफिस वर गेलं, सातवी खाली आली. जोत्याच्या दीड फुटापुरते मित्र अजून लागतातच, पण जिना सुटला.

आता जिना सरांच्या वाट्याला आहे. परवा विशेष शिक्षक आले तेव्हा सर कठडा धरून एकेक पायरी चढत होते. अर्ध्यावर थांबून, गुडघा चोळत त्यांनी हळूच विचारलं, "काय हो, त्या एकवीसांत बाविसावा प्रकार घालायचं वर काही चाललंय का?"