बिनतारी गळती

आमच्या घरातून खालच्या घरात पाणी झिरपतं हे मला माहीत होतं. मी फक्त ते मान्य करत नव्हतो. आणखी काय काय झिरपू शकतं, हे त्या रविवारी कळलं.

मिरजेहून आत्या आली होती. गुडघ्यामुळे तिचा भाचीचा साखरपुडा हुकला होता आणि त्याचा अठरा मिनिटांचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. तो मी तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर केला, खाली केला, मग काढूनच ठेवला. "एवढ्याशा खिडकीतनं कुणी साखरपुडा बघतं होय रे? भिंतीवर एवढा मोठा टीव्ही टांगलायस, त्याच्यावर लाव की."

टीव्ही ४३ इंची. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला घेतलेला. त्याच दसऱ्याला, त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा टीव्ही खालच्या काकांनीही घेतला होता. दोन एकदम घेतले की घासाघीस करायला जोर येतो, म्हणून आम्ही मिळून गेलो होतो. तेव्हा आमचं बोलणं होतं.

चिरंजीव हॉस्टेलवर असतात. त्यांना फोन लावला. "केबल कशाला बाबा? मिराकास्ट करा ना," एवढं बोलून तो कुठेतरी खेळायला गेला. फोन स्पीकरवर होता.

"मिरजकास्ट?" आत्या ताठ बसली. "आपल्या मिरजेचं?"

नाही म्हणायचं जिवावर आलं. देशभरातल्या गवयांना तंबोरे आणि सतारी पुरवणाऱ्या गावाने आणखी एखादी वस्तू केली असेल, यावर तिचा सहज विश्वास बसला होता. मी मनात म्हटलं, तंबोऱ्याला चार तारा असतात, तरी तो जुळवण्यात मैफलीची पहिली पंधरा मिनिटं जातात. इथे तर तारच नाही. जुळवायचं काय आणि पिळायचं काय?

या बिनतारी प्रकरणाचा इतिहास मी नंतर वाचला आणि तो हुबेहूब आमच्या भावकीसारखा निघाला. २०१० साली अ‍ॅपलने 'एअरप्ले' काढलं, पण त्याचं सोयरसुतक घरातल्या घरात. २०१२ मध्ये वाय-फायचे नियम ठरवणाऱ्या 'वाय-फाय अलायन्स' या संघटनेने 'मिराकास्ट' आणलं. कुठल्याही कंपनीचा फोन, कुठल्याही कंपनीचा टीव्ही, मधे राउटरचीही गरज नाही, दोघांनी थेट एकमेकांशी बोलावं. इतकी समंजस गोष्ट भावकीत टिकते थोडीच! २०१३ मध्ये गूगलने आपली वेगळी चूल मांडली, ती 'क्रोमकास्ट', आणि पुढे स्वतःच्या फोनमधून मिराकास्टला बाहेरचा रस्ता दाखवला. २०२४ मध्ये क्रोमकास्ट बनवणंही थांबवलं. सामाईक विहिरीला कुलूप घालून स्वतःचा आड खणायचा आणि अकरा वर्षांनी तोही बुजवायचा, हे मी आमच्या गावाकडे डोळ्यांनी पाहिलं आहे.

बरं, मिराकास्ट म्हणून शोधायला जावं तर फोनमध्ये त्या नावाचं काहीही सापडत नाही. माझ्या फोनमध्ये त्याला 'कास्ट' म्हणतात, बायकोच्या फोनमध्ये 'वायरलेस डिस्प्ले', माझ्या आधीच्या फोनमध्ये 'स्मार्ट व्ह्यू' होतं आणि टीव्हीवर लिहिलंय 'स्क्रीन मिररिंग'. सासरचं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, हे आपण समजू शकतो. पण इथे बाई एक आणि सासरं चार.

"म्हणजे टीव्हीवर मिरवायचं," आत्याने सोडवून टाकलं. मला वाटतं आजवर झालेल्या भाषांतरांत हेच सगळ्यात बरं आहे.

चिरंजीवांना पुन्हा फोन. तो धापा टाकत म्हणाला, "बाबा, कास्ट आणि मिररिंग एक नाही." मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. कास्ट म्हणजे फोनने टीव्हीला वाणसामानाची चिठ्ठी द्यायची आणि वाण्याकडे टीव्हीने स्वतः जायचं. फोन मोकळा. मिररिंग म्हणजे फोनने स्वतः पिशवी उचलायची आणि आपल्या पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं घडी घालून, दाबून, टीव्हीला नेऊन द्यायचं. आणि अशा खेपा सेकंदाला तीस, कधी साठ. म्हणूनच मिररिंग करताना फोन तापतो. माझ्या हातात तो तापला होता, म्हणजे काहीतरी चाललं होतं हे नक्की.

"आणि मिररिंगमध्ये सगळं दिसतं हां बाबा. मेसेज वगैरे, सगळं." हे त्याने सांगितलं होतं. मी नाही म्हणत नाही.

मी बटण दाबलं. फोनने आसपासच्या टीव्हींची यादी दिली. यादीत एकच नाव होतं: आमची कंपनी, आमचं माप. मी त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग फोनवर आलं, 'कनेक्टेड'.

टीव्हीवर मात्र निळा पडदा आणि त्यावर गोल गोल फिरणारं एक कडं.

"आलं का?" आत्या म्हणाली.

"येतंय."

(इथे वाचकांना गच्चीवरचा अँटेना आठवेल. मला आठवला नाही, असं नाही. पण ज्याने ज्याने तो अँटेना फिरवला त्या प्रत्येकाने त्यावर एक लेख लिहिलेला आहे, तेव्हा पुढे जाऊ.)

कडं फिरत होतं. फिरणाऱ्या कड्याकडे माणूस किती वेळ बघणार? हातात फोन होता. मी इकडेतिकडे बघायला लागलो. बायको स्वयंपाकघरात होती. आत्याच्या समोर विचारता येत नाही असे प्रश्न ती अशा वेळी लेखी विचारते.

"पोहे की उपमा?"

मी लिहिलं, "पोहे. पण शेंगदाणे नकोत. दातांचं माहीत आहे ना."

"मग उपमा."

"परवाच झाला."

"भाजणी संपलीये."

तेवढ्यात सोसायटीच्या गटावर खालच्या काकांचा संदेश आला. चार महिन्यांत सतरावा. 'वरील सदनिकेतून होणारी गळती अद्याप सुरूच आहे. छताचे छायाचित्र जोडत आहे.' छायाचित्र प्रत्येक वेळी तेच असावं असा मला संशय होता. आज पाहुणी घरात, टीव्ही चालेना, भाजणी नाही, आणि त्यात हे. मी उत्तर लिहायला घेतलं.

पहिला मसुदा: "आपले संदेश वाचून आमच्या बाथरूममध्ये कोयना धरण बांधले आहे असा सभासदांचा समज होईल." बरं वाटलं. पण पाठवायचं धाडस झालं नाही. पुसलं.

दुसरा मसुदा शांतपणे, शुद्ध सरकारी भाषेत रचला: "आपल्या छतावरील डाग पाहिला. त्याचा आकार श्रीलंकेसारखा आहे. त्यास गळती म्हणावे की भूगोल, हे आपणच ठरवावे." काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदा हसलो. "आलं वाटतं," आत्या म्हणाली.

पाठवण्याआधी कायद्याची बाजू बघावी म्हणून सोसायटीचे उपविधी उघडले. त्यात जे होतं ते थोडक्यात असं, की पावसाची आणि सामाईक नळाची, सांडपाण्याच्या वाहिनीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि घरातल्या बाकीच्या दुरुस्त्या ज्याच्या त्याने. आमच्या बाथरूमच्या फरशीचे सांधे उसवलेत हे मला ठाऊक होतं. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग अंगठ्याने हळूच वर सरकवून पडद्याबाहेर घालवला. खोलीत आत्या सोडून कुणी नव्हतं आणि तिला फोनवरचं दिसत नव्हतं, तरीही.

तिसरा मसुदा: "नमस्कार काका. येत्या गुरुवारी प्लंबरला बोलावत आहे. आशिर्वाद असावेत."

तोही पाठवला नाही. एवढं नमतं घ्यायला थोडा वेळ लागतो.

दारावरची बेल वाजली. खालच्या काकू. हातात झाकलेला डबा.

"आत्याबाई आल्यात ना, म्हटलं चार थालीपिठं लावावीत. तुमची भाजणी संपलीये."

बायको बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग आम्ही दोघांनी भाजणीच्या रिकाम्या डब्याच्या दिशेने पाहिलं, जणू तोच बोलला असावा.

"आणि दाण्याचा कूट अजिबात नाही हो घातलेला," काकू आत्याला म्हणाल्या, "दातांसाठी."

मी फोनकडे पाहिलं. 'कनेक्टेड.' मी टीव्हीकडे पाहिलं. कडं. मग पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, आणि मला सगळं एकदम समजलं.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. टीव्ही बघत असताना मधेच पडद्यावर आलं की 'बाबांचा फोन' जोडू इच्छितो, परवानगी द्यायची का? माझ्या फोनला हे नाव चिरंजीवांनी दिलेलं. काकूंचा मुलगाही काकांना बाबाच म्हणतो. "मला वाटलं ह्यांचाच. म्हटलं येऊ दे." त्यांनी रिमोटवर ओके दाबलं. टीव्हीने विचारलं तर नाही कसं म्हणायचं, असा त्यांचा स्वभाव आहे. आमच्या टीव्हीला मात्र आधी 'स्क्रीन मिररिंग' हा कप्पा उघडून, आम्ही तयार आहोत, असं सांगावं लागतं. ते मी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा शेवटपर्यंत आतल्या आत इंटरनेट शोधत होता.

"मग बंद नाही केलंत?" बायकोने विचारलं.

"आधी कसं बंद करायचं ते कळेना," काकू म्हणाल्या, "आणि कळलं तेव्हा ह्यांनी करू दिलं नाही. खाली या सगळे. थालीपिठं गार होतील."

काका खुर्चीत बसले होते. समोर ४३ इंचांवर माझा फोन, आणि फोनमध्ये माझा तिसरा मसुदा, न पाठवलेला, कर्सर लुकलुकत असलेला. मी तो हातातल्या फोनवर पुसला. भिंतीवर तो पाव-अर्ध्या सेकंदाने, सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचून झाल्यावर, पुसला गेला.

"बसा," काका म्हणाले. शाळेत असेच म्हणत असणार. "श्रीलंका नाही. श्रीलंका थेंबासारखी असते. हा लांबट आहे, बघा." त्यांनी वर बोट दाखवलं. टीव्हीच्या बरोबर वर, छताला ओल आलेली. "मादागास्कर."

मादागास्करच होता. आणि छायाचित्रही दर वेळी तेच नव्हतं. बेट वाढत होतं.

"आणि 'आशीर्वाद'मध्ये 'शी' दीर्घ. कोयना बरं होतं. मात्र तुमचं चित्र मधेच काही सेकंद अडकलं, नेमकं उपविधीच्या ठिकाणी. तुम्ही तो परिच्छेद वर ढकललात की आपोआप गेला, ते कळलं नाही."

बायको म्हणाली, तेव्हा मी आत्यांचा चहा ओव्हनमध्ये गरम करत होते. हे मी चिरंजीवांना नंतर विचारलं. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वाय-फायचा एक जुना, भिंती-स्लॅबमधून बऱ्यापैकी आरपार जाणारा पट्टाही तिथेच आहे. ओव्हनच्या दारातून जे थोडंफार निसटतं, त्याने वाय-फाय गडबडतं. म्हणजे त्या संध्याकाळी माझी अब्रू राखायचा प्रयत्न एकट्या चहाने केला.

काकांना मी खरं ते सांगितलं: मीच ढकलला. त्यावर त्यांनी काकूंना थालीपीठ वाढायला सांगितलं.

फोन जोडलेला होताच, तेव्हा साखरपुडा तिथेच लावला. मेहुण्याने तो फोन उभा धरून काढलेला. उभा व्हिडिओ आडव्या टीव्हीवर आला की दोन्ही बाजूंना काळोख आणि मधे एक पट्टी. काकांनी उठून फूटपट्टी लावली: टीव्हीची रुंदी साडेसदतीस इंच, साखरपुड्याची साडेनऊ. नवरी पूर्ण दिसत होती. नवरदेवाचा उजवा खांदा तेवढा आला होता. आत्याने अठरा मिनिटं डोळ्यांची पापणी लवू न देता पाहिलं आणि शेवटी म्हणाली, "मुलगा कसाय कळलं नाही, पण मिरजकास्ट चांगलंय."

निघताना काकांनी थांबवलं. दोन्ही टीव्हींचं नाव कारखान्यातून आलेलं एकच होतं आणि ते बदलता येतं, हे ठाऊक असूनही दोन वर्षांत आम्ही कुणी बदललं नव्हतं. एकमेकांना नावं ठेवण्यात वेळ गेला; टीव्हीला नाव ठेवायचं राहून गेलं. आता त्यांच्या टीव्हीचं नाव 'खालचे' आहे आणि आमच्याचं 'वरचे'. फोनचं नावही मी बदललं.

गुरुवारी प्लंबर आला, फरशीचे सांधे भरून गेला. त्याआधी, रविवारी रात्रीच, मी तिसरा मसुदा गटावर टाकला, 'शी' दीर्घ करून. मिनिटभरात काकांचं उत्तर आलं: "तिसरा मसुदा पोचला. धन्यवाद."

तेव्हापासून सोसायटीतले सगळे माझ्याकडे पहिले दोन मागत आहेत.