शेडपूर्व संगणकशास्त्र

१० बाय १२ फुटांची शेळ्यांची शेड बांधण्यापूर्वी आराखड्यासाठी नवशिक्याला सोपे पडेल असे सॉफ्टवेअर निवडण्यात अख्खा उन्हाळा खर्ची घालावा, ही प्रथा सर्वथा स्तुत्य होय; कारण १:५० या प्रमाणात, म्हणजे कागदावरील १ सेंटिमीटर जमिनीवरचे ५० सेंटिमीटर धरून, आलेखवहीत पेन्सिलीने चार भिंती आखणे अर्ध्या तासात उरकते आणि अभ्यासाला वावच उरत नाही. याउलट १९८२ साली अवतरलेल्या ऑटोकॅडमध्ये वस्तू खऱ्या मापानेच काढून प्रमाण छपाईच्या वेळी ठरवायचे असते, एवढे उमगेपर्यंत मृग नक्षत्र लागते. स्केचअपमध्ये सपाट आयत वर ओढून भिंत उभी करता येते व शेड चहूबाजूंनी फिरवून पाहता येते (शेळ्यांना ही सोय नाही). मोफत मिळणारे लिब्रेकॅड मात्र द्विमितीतच राहत असल्याने छपराचा उतार वेगळ्या आकृतीत दाखवावा लागतो. निवड शास्त्रशुद्ध व्हायची तर तिन्ही शिकावीत, त्यासाठी दमदार संगणक घ्यावा आणि तो पावसात भिजू नये म्हणून गवंड्याकरवी, दोरी व फक्कीने आखून, आधी एक तात्पुरती शेड उभारून घ्यावी. १० बाय १२ ची पुरते.