तक्रार करा, तिकीट घ्या

आखातात आपल्या कामगाराला हक्कच नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांनी आधी तिथले कायदे वाचावेत. हक्क पोत्याने आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवायचा नाही. भरतीचा खर्च कामगाराच्या गळ्यात मारायचा नाही. ओव्हरटाइमला सव्वापट पैसे, रात्रीच्या ओव्हरटाइमला दीडपट. वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी सुरू. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली आणि मार्च २०२१पासून किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल केलं. आपल्याकडे सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला हे वाचून दाखवलं, तर तो तसाच पासपोर्टच्या रांगेत जाऊन उभा राहील.

मग इतके हक्क असूनही माणसं तीन-तीन महिन्यांचा पगार सोडून परत का येतात? कारण कायद्याने त्यांना सगळं दिलं, फक्त भांडायला वेळ दिला नाही.

खेडचा एखादा पाइप फिटर घ्या. कॅम्पमध्ये राहतो, कंपनीच्या बसने साइटवर जातो, मेसमध्ये जेवतो. पगार थकला. तक्रार करायला खर्च नाही. अमिरातीत एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्ट फीसुद्धा माफ. पण व्हिसा मालकाच्या नावावर, कॉट मालकाची, ताटही मालकाचं. तक्रार केली की आधी समेटाची बोलणी, मग कोर्ट, मग तारीख. तोवर त्याने खायचं काय, झोपायचं कुठे, आणि चिपळूणच्या पतपेढीचा हप्ता भरायचा कोणी? सौदीत तर मालकाच्या हाताशी ‘हुरूब’ आहेच. ‘माणूस पळून गेला’ असं त्याने कळवलं की फिर्यादीचा आरोपी होतो. चार जणांनी मिळून काम बंद पाडावं म्हटलं, तर अमिरात, सौदी, कतार तिन्हीकडे या कामगारांना युनियनच करता येत नाही.

शेवटी ऑफिसातून बोलावणं येतं. टेबलावर दोन कागद असतात. एक विमानाचं तिकीट, दुसरा हिशेबपूर्तीचा कागद. ‘माझे सर्व पैसे मिळाले, कंपनीकडे काही बाकी नाही,’ हे त्यात अरबीत लिहिलेलं असतं. सही केली तर पहिला कागद मिळतो. नाही केली तर बाहेर बाकावर बसायचं. बाकावर किती दिवस बसायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. फिटर सही करतो. आम्ही-तुम्ही असतो तर दुपारपर्यंतसुद्धा थांबलो नसतो.

२०१६ मध्ये हेच घाऊक प्रमाणात झालं. सौदीतली सौदी ओजर ही अवाढव्य बांधकाम कंपनी डबघाईला आली आणि हजारो भारतीय जेद्दाच्या कॅम्पांत पगाराविना, जेवणाविना अडकले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दूतावासाला शिधा पोचवायला लावलं, त्यांचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला धावले. हे सगळं चोख झालं. कामगारांना सांगण्यात आलं की येणं किती ते लिहून द्या आणि घरी चला. कंपनीने पुढच्याच वर्षी दुकान बंद केलं. म्हणजे उपाशी माणूस परत आणण्यात आपण तरबेज आहोत. अडचण फक्त त्याचा पगार परत आणण्याची आहे.

इतकं वाचून अरबांना शिव्या घालायचा मोह होईल. थोडं थांबा, घरचा आहेरही बघू.

आपला उत्प्रवासन कायदा १९८३चा. जो दहावी झालेला नाही, त्याने आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी काढायची. दहावी पास झाला की परवानगी नको, कारण बहुधा दहावीच्या गुणपत्रिकेला घाबरून कफील, म्हणजे तिकडचा मालक, पगार वेळेवर करत असावा. ही परवानगी लागणाऱ्या पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तिशीच्या पुढे हवं. तिला संरक्षण देण्याचा सरकारी मार्ग म्हणजे तिला जाऊच न देणं. मग एजंट तिला व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि ती संरक्षणाबरोबर सरकारी नोंदीतूनही गायब होते. तिकडे सौदीने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले तेव्हा घरकामगारांना बाहेरच ठेवलं होतं. दोन सरकारं, एकच सुविचार.

एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घ्यावा, असा आपला नियम. तिकडचा कायदा म्हणतो, कामगाराकडून छदामही घेऊ नका. एजंटाने दोन्ही कायद्यांचा मान राखून मधला मार्ग काढला आहे. लाख-सव्वा लाख रोख मोजून घ्यायचे आणि पावती तीस हजारांची फाडायची.

आणि सप्टेंबर २०२० विसरून कसं चालेल? कोणत्या देशात कोणत्या कामाला किमान किती पगार असेल तरच आमचा माणूस पाठवू, हा आकडा आपलं सरकार ठरवतं. घासाघीस करायला कामगाराच्या हाती असलेली ही एकच वीट. ऐन कोविडमध्ये नोकऱ्या टिकाव्यात या थोर हेतूने आपल्याच सरकारने आखाती देशांसाठीचे हे आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागायच्या आत दुकानदारानेच पाटी बदलली! तेलंगणात प्रकरण हायकोर्टात गेलं, जुलै २०२१ मध्ये जुने आकडे परत आले. मधल्या दहा महिन्यांत ज्याच्या करारावर जो आकडा चढला तो चढला.

पैसा मात्र आपल्याला मोजता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा देशात पहिला, सुमारे २० टक्के. केरळने अनिवासी केरळींसाठी वेगळं सरकारी खातं १९९६ मध्येच उघडलं. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला आणि पोरांना जर्मन शिकवायला घेतलं. जरूर शिकवा. त्यात पगाराची स्लिप वाचायचा एक धडा तेवढा घाला.

१२ जून २०२४ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून अधिक भारतीय गेले. १४ जूनला हवाई दलाचं विमान त्यांचे मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. दोन दिवसांत कागदपत्रं, परवानग्या, विमान, सगळं जुळलं. दोन्ही सरकारांनी मनावर घेतलं की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. मग जिवंत माणसाच्या थकलेल्या ओव्हरटाइमला वर्षभर कागद का जुळत नाहीत?

मागण्या काही आकाशातल्या नाहीत. दावा चालू आहे तोवर व्हिसा चालू राहावा. परत आलेल्याला इथे बसून, वकीलपत्र देऊन, दूतावासामार्फत दावा पुढे चालवता यावा. आणि बड्या एजंटाकडून सरकार ५० लाखांची बँक हमी घेतं, ती शोभेला न ठेवता बुडालेला पगार आधी तिच्यातून द्यावा. एजंटाने मग मालकाकडून वसूल करावा. ओळख त्याचीच आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आखातात निघालेल्यांनी बॅगेतलं लोणचं थोडं कमी करावं आणि कराराच्या दोन झेरॉक्स जास्त काढाव्यात, त्यातली एक घरी ठेवावी. दर महिन्याची स्लिप बायकोला व्हॉट्सॲप करावी. आणि ऑफिसात टेबलावर दोन कागद दिसले, तर वाचता न येणाऱ्या कागदावर सही करण्याआधी त्याचा फोटो काढावा. फोटो काढू दिला नाही, तर त्यात काय लिहिलंय ते अरबी न शिकताही कळेल.