आडनाव कुठल्या रकान्यात?

एका ‘&’ने परवा आमची अख्खी दुपार खाल्ली. हिशेबनीस मित्राला एका सॉफ्टवेअरमधली खाती एक्सएमएल (टोकदार कंसांतल्या खुणांनी, म्हणजे टॅगांनी, माहिती मांडायची पद्धत) करून दुसऱ्यात घ्यायची होती. फाइल ढिम्म हलेना. शेवटी गुन्हेगार सापडला, एका गिऱ्हाइकाच्या दुकानाच्या नावात. एक्सएमएलच्या व्याकरणात हे चिन्ह राखीव आहे. ते नुसतं दिसलं की वाचणाऱ्या प्रोग्रामने चूक जाहीर करून थांबायचं, हा १९९८ पासूनचा दंडक. उपाय काय, तर & च्या पुढे ए, एम, पी आणि एक अर्धविराम. मित्र म्हणाला, “आमच्या शेठच्या उधारीला एवढी शिस्त असती तर!”

पण शिस्त खुणांपुरतीच. टॅग उघडला, बंद केला, झालं. स्कीमा नावाचा पहारेकरी बसवलात तर आत तारीख आहे की आकडा, एवढं तो बघेल. माणूस कोण, हे त्याच्या बापालाही कळायचं नाही.

आता आपलं नावच घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळं. पॅनच्या अर्जात नावाचे तीन तुकडे. आधारची ऑफलाइन केवायसीची एक्सएमएल उघडून बघा: डिजिटल सही आहे, फोटो आहे, पत्त्याला डझनभर रकाने आहेत, त्यात जवळच्या खुणेलाही एक. म्हणजे मारुतीच्या देवळाची सोय झाली! नावाला मात्र एकच, सगळं त्यात कोंबा. तिनाचं एक करणं सोपं असतं. एकाचे तीन करायला कात्री कुठे लावायची? ‘सविता अनंत कुलकर्णी’मधला अनंत बाप की नवरा, हे शेजारणीला ठाऊक असतं, फाइलला नाही.

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र सरकारने नावात आईलाही जागा दिली: बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तम, उशिराच झाला. आता तीन रकान्यांच्या अर्जात ही चार नावं कशी बसवायची, तेवढं कुणीतरी सांगा.

जाणकार मंडळी मात्र एक्सएमएल बरं की जेसन ही माहिती मांडायची दुसरी पद्धत, यावर हमरीतुमरीवर येतात. आयकर विवरणपत्राची फाइल २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसन झाली. टोकदार कंस गेले, महिरपी आले. अनंत अजून तिथेच, मधल्यामध्ये.

तेव्हा घरात बारसं असेल तर नावाबरोबर त्याचा क्रम आणि इंग्रजी स्पेलिंगही ठरवून कागदावर लिहून ठेवा, आणि प्रत्येक अर्जावर तेच उतरवा. आणि दुकान काढणार असाल तर पाटीवर सरळ ‘आणि’ लिहा.