खडकवासला धरणास अनावृत पत्र

मु. पो. खडकवासला, ता. हवेली, जि. पुणे



काल रविवारी आम्ही सहकुटुंब तुम्हाला बघायला आलो होतो. तुम्ही दिसला नाहीत. भज्यांच्या गाड्या, कणसांचा धूर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना तिरक्या घुसवलेल्या मोटारी दिसल्या. धरण कुठंय हे शेवटी भजीवाल्याला विचारावं लागलं. त्यानं झाऱ्यानंच दाखवलं. एवढ्या जुन्या धरणाला ही अव्यवस्था शोभत नाही.

तुमच्या वयाबद्दल आदर आहेच. एकोणिसाव्या शतकात, फाइफ या ब्रिटिश इंजिनिअरसाहेबाच्या काळात उभे राहिलात. पण नुसत्या वयावर किती दिवस भागवणार? विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये तुमच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले म्हणे. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपसूक उघडायचे. भिंत न वाढवता साठा वाढला, आणि पूर आला तरी दरवाजे उघडायला कुणी धावायला नको. पुढे ग्वाल्हेरच्या टिगरा धरणानं आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरानंही ती युक्ती उचलली. उत्तम! मग त्या अकलेचा एखादा दरवाजा वाहनतळाला का नाही? तिथं शिट्टी फुंकणारा एकच पोरगा, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. आम्हीही ऐकलं नाही.

साठवण तर बेताचीच. तुमच्या वरची धरणं बघा: वरसगाव जवळजवळ तेरा टीएमसी, पानशेत साडेदहाच्या वर, टेमघर पावणेचार, आणि तुम्ही जेमतेम दोन. घरात सगळ्यांत कमी पगार तुमचा, पण बाकी तिघांचे पगार तुमच्याच हातून खर्च होतात. (त्यातलं पुण्यानं किती प्यायचं आणि कालव्यानं दौंड-इंदापूरला किती जायचं, हा हिशेब आम्ही सुट्टीच्या दिवशी काढत नाही.)

12 जुलै 1961 ला वरचं पानशेतचं अपुरं धरण फुटलं. तो लोंढा अंगावर घेत तुम्ही काही तास उभे राहिलात, मग तुम्हीही फुटलात. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. नाव मात्र झालं पानशेतच्या पुराचं! प्रसिद्धीत तुम्ही तेव्हापासूनच कमी पडताय.

तरी विनंती की, पाण्यात उतरू नये अशी जी पाटी लावली आहे ती जरा बाजूला घ्यावी. प्रत्येक फोटोत येते. खाल्लेली कणसं आणि कागदी प्लेटा आम्ही काठावरच सोडल्या आहेत, काही वाऱ्यानं आत गेल्या. त्यांची योग्य ती व्यवस्था करावी. नाहीतरी हे पाणी पुढे आमच्याच नळाला येतं, त्यामुळे स्वच्छतेबाबत आम्ही अत्यंत आग्रही आहोत.

आपला,
एक जागरूक पुणेकर

ता. क. येत्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. गाडी धुवायची राहिलीय, आणि चिखल सगळा तुमच्याकडचा आहे. बुधवारी थोडं जास्त सोडा.