कात्रीचा मान

संकलक काय करतो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नको ते कापतो.’ मग आमच्या कोपऱ्यावरचा न्हावीही संकलकच की!

१९७५ च्या ‘शोले’ला तेव्हा फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. गब्बरचे संवाद घराघरांत पाठ. शिंद्यांचं नाव काढा, समोरचा विचारतो, ‘कुठले? राजकारणातले?’

चांगलं संकलन दिसत नाही म्हणतात. म्हणूनच मानधनही दिसत नसावं. सेकंदाला चोवीस चौकटी. दोन कमी केल्या की प्रसंग उठतो, दोन वाढवल्या की बसतो. हे रात्र जागून ठरवायचं आणि सकाळी निर्मात्यानं चहा ढवळत म्हणायचं, ‘जरा कडक करा ना!’ चहा की सिनेमा, हे विचारायची सोय नाही. मग फाइल ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘आता खरंच फायनल’. पसंत पडते ती पहिलीच.

चित्रपट चालला तर दिग्दर्शकाची दृष्टी; पडला तर ‘मध्यंतरानंतर रेंगाळला’, म्हणजे संकलकाचा हलगर्जीपणा. आणि पडद्यावर त्याचं नाव झळकतं, तेव्हा प्रेक्षक अंधारात आपली खुर्ची शोधत असतो.